घर सोडून कॉलेजला आल्यावर ट्रान्समस्क्युलिन म्हणून उघडपणे राहणं: कामाची माहिती एकत्र करू या

तरुवर

ट्रान्समस्क्युलिन म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेले, पण मुलगा म्हणून किंवा पुरुषपणाच्या जवळ जगणारे. त्यांचे तेच प्रश्न दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत इथे येतात. हॉस्टेलवर बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून आत घालायचा घट्ट कपडा) किती तास चालतो, हजेरीपटावरचं नाव कसं बदलायचं, रूममेटला कधी सांगायचं, घरचा फोन आला की बोलायचं कसं. उत्तरं चांगली असतात, पण दहा ठिकाणी विखुरलेली. ती एका जागी असावीत म्हणून हा धागा काढतोय. अनुभव लिहायला दुसरे धागे आहेत. इथे काय करायचं, घोळ कुठे होतो आणि का होतो, एवढंच लिहू या.

पहिला मुद्दा मीच मांडतो, कारण तो बहुतेकांच्या लक्षात उशिरा येतो. घर सुटलं की मोकळीक मिळते, पण एकांत जातो. घरी निदान दार लावून घेता यायचं. हॉस्टेलच्या खोलीत कोणी ना कोणी असतंच, न्हाणीघर सामायिक, अभ्यासिकाही सामायिक. त्यात नव्या नावाने पहिल्यांदाच वावरत असताना छाती सपाट दिसावी हा आग्रह वाढलेला असतो. मग सकाळी सातला चढवलेला बाइंडर रात्री बाराला उतरतो, तोही पांघरुणाखाली. बरगड्यांचं आणि पाठीचं दुखणं बहुधा इथूनच सुरू होतं.

म्हणून तासिकांचं वेळापत्रक हातात आलं की त्याच कागदावर बाइंडरचे तासही आखा. दिवसाला एकूण आठ तासांच्या वर नको. नवीन असाल तर पहिले काही दिवस दोन ते चार तासच. मध्ये एकदा बंद दाराआड काढून पंधरा-वीस मिनिटं खोल श्वास घ्या, खांदे फिरवा. झोपताना कधीच नाही. खोकला किंवा ताप असताना नाही, जोराच्या व्यायामाला नाही. खोलीत परतल्यावर आत सैल स्पोर्ट्स ब्रा, त्यावर टी-शर्ट आणि वरून गडद रंगाचा, जाड कापडाचा, पुढून उघडा शर्ट, असे थर घातले की छातीची रेषा बऱ्यापैकी मोडते.

आणि आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण सुट्टी. छाती बांधण्याच्या परिणामांवर १८०० जणांची एक मोठी पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली होती. त्यातल्या ९७ टक्क्यांहून अधिक लोकांनी कोणता ना कोणता त्रास सांगितला, आणि त्रासाशी सातत्याने जुळणारी गोष्ट निघाली ती आठवड्यातले किती दिवस बांधलं जातं ही. तास सांभाळून दिवस न सांभाळणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

पाणकळा

धाग्याबद्दल आभार. बाइंडरचं माप कसं घ्यायचं ते लिहिते, कारण निम्मे त्रास मापात असतात.

ब्रा न घालता ताठ उभं राहा, हात खाली सोडा. शिवणकामाची मऊ टेप छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, जमिनीला समांतर फिरवा. दुसरं माप स्तनांच्या लगेच खाली. तिसरं पाठीकडून, एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. टेप आवळायची नाही. श्वास सोडून माप घ्यायचं नाही, नेहमीसारखा श्वास चालू ठेवून घ्यायचं. मग ज्या कंपनीचा बाइंडर घेणार तिच्याच तक्त्यात बघायचं, कारण एकीचा मीडियम दुसरीचा स्मॉल असतो. दोन मापांच्या मध्ये आलात तर मोठं घ्या. एक माप लहान घेतल्याने छाती जास्त सपाट होत नाही. मांस वर गळ्याकडे आणि काखेत सरकतं, आणि उंचवटा उलट जास्त दिसतो.

घातल्यावर तपासायचं ते असं: पूर्ण श्वास घेता येतो का, मनापासून खोकता येतं का, हात डोक्यावर नेल्यावर खालची कड वर गुंडाळली जाते का. बोटांना मुंग्या, धाप, बरगडीत एकाच जागी टोचल्यासारखी कळ, यांतलं काहीही झालं की त्या दिवसापुरता बाइंडर संपला. काढल्यावरही कळ राहिली किंवा श्वास घेताना दुखत राहिलं तर डॉक्टरांकडे जा, आणि बाइंडर वापरतो हे त्यांना सांगा. नाहीतर भलत्याच गोष्टी तपासण्यात वेळ जातो.

क्रेप बँडेज नको, साधी चिकटपट्टी नको, प्लास्टिकची फिल्म नको. बँडेज मुरगळलेल्या सांध्यासाठी असतं. हालचालीबरोबर ते आवळत जातं आणि बरगड्यांना श्वासाबरोबर पसरायला जागा देत नाही. "आज एक दिवस चालवून घेतो" हेही नको.

दोन बाइंडर असावेत. घामाने ओला झालेला तसाच परत घातला की काखेत आणि स्तनांखाली पुरळ आणि बुरशी ठरलेली. थंड पाण्यात हाताने धुवायचा, पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा, सावलीत वाळवायचा. ड्रायरमध्ये त्यातलं लवचीक सूत मरतं.

सागवान

छाती बांधायच्या टेपबद्दल कोणी लिहील का? हॉस्टेलवर वाळत घालायची भानगड नको म्हणून बरेच जण तिकडे वळतात.

पाणकळा

@सागवान, हो. टेप म्हणजे खेळाडू स्नायूंवर लावतात ती ताणणारी कापडी पट्टी. आधी पोटावर किंवा दंडाच्या आतल्या बाजूला दोन इंचांचा तुकडा लावून २४ तास थांबा. खाज किंवा लाली आली तर तो प्रकार तुमच्यासाठी नाही.

त्वचा कोरडी हवी, तेल किंवा क्रीम लावलेलं नको. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करून घ्या, चौकोनी कोपरे कपड्याला घासून आधी उचकटतात. स्तनाग्रावर न चिकटणाऱ्या गॉजचा छोटा तुकडा ठेवा. पट्टीचं पहिलं टोक न ताणता चिकटवा, मग स्तन हाताने काखेच्या दिशेने सरकवून मधला भाग बेताने ताणा, शेवटचं टोक पुन्हा न ताणता लावा. टोकं ताणून लावली की तिथे फोड येतात, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या वेगवेगळ्या राहिल्या पाहिजेत. पाठीवरून फिरवून छातीभोवती वेढा कधीच घालायचा नाही, कारण मग ते बँडेजच झालं.

तीन ते पाच दिवस राहते, अंघोळ चालते. काढताना ओढू नका. पट्टीवर खोबरेल किंवा बेबी ऑइल भरपूर चोळा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग कोमट पाण्याखाली केसांच्या दिशेने हळूहळू सोडवा. नवी लावण्याआधी त्वचेला निदान एक दिवस मोकळा द्या. छाती मोठी असेल तर टेपने पूर्ण सपाटपणा येत नाही, तेव्हा अपेक्षा बेताची ठेवा.

हजेरीपट

नोंदणी कार्यालयाच्या कामाशी माझा संबंध आहे, म्हणून कागदपत्रांचं लिहितो.

कॉलेजच्या संगणकप्रणालीत बहुधा नावाचे दोन रकाने असतात. एक कायदेशीर नाव, दुसरं वापरायचं नाव. काही ठिकाणी दुसरा रकाना विद्यार्थ्याला स्वतः भरता येतो, काही ठिकाणी अर्ज लागतो. अर्ज करण्याआधी कार्यालयाला एकच प्रश्न नीट विचारा, आणि उत्तर लेखी घ्या: "हे नाव कोणकोणत्या ठिकाणी दिसेल, आणि पालकांना जाणाऱ्या पत्रांवर व फीच्या पावतीवर कोणतं नाव छापलं जाईल?" घरी सांगितलेलं नसेल तर सगळी गोम या प्रश्नात आहे. एका ठिकाणी बदललेलं नाव तीन महिन्यांनी फीच्या पावतीवर उमटून घरी पोचतं, आणि तोवर अर्ज कुठे केला होता हेही आठवत नाही.

जुनं नाव जिथे चिवटपणे राहतं त्या जागा: ईमेलचा पत्ता (दिसणारं नाव बदललं तरी @च्या आधीचा भाग तोच राहतो, नवा पत्ता वेगळा मागावा लागतो), ग्रंथालयाचं खातं, प्रिंटरची रांग, व्हिडिओ तासिकेत नावाखाली दिसणारी पट्टी, गटप्रकल्पाच्या सामायिक फाइलचा इतिहास, हॉस्टेलच्या दारावरची पाटी, प्रयोगशाळेतल्या जोड्यांची यादी. या प्रणाली रात्रीतून एकमेकींशी जुळवल्या जातात. त्यामुळे हाताने केलेला बदल दुसऱ्या दिवशी मूळ नोंदीवरून पुसला जाऊ शकतो. तसं झालं की भांडण त्या खिडकीवर नको, मूळ नोंद कुठे आहे ते विचारा आणि तिथे बदल करून घ्या. अर्ज दिल्यावर नवीन सत्राची यादी निघेपर्यंत रोज नाही, पण आठवड्याने एकदा तपासत राहा.

परीक्षेला, शिष्यवृत्तीला, बँकेला आणि प्रवासाला कायदेशीर नाव लागतं. त्या दिवशी दोन्ही ओळखपत्रं जवळ ठेवा आणि केंद्रप्रमुखांना आदल्या दिवशी कळवून ठेवा. ऐन वेळी परीक्षेच्या दारात खुलासा करत बसणं पेपरला मारक ठरतं.

शिक्षकांना पहिल्या तासाच्या तीन-चार दिवस आधी ईमेल करावी, कारण आदल्या रात्रीची ईमेल वाचली जात नाही. मजकूर छोटा ठेवा:

"नमस्कार. तुमच्या हजेरीपटावर माझं नाव अमुक असं दिसेल. मी तमुक हे नाव वापरतो. वर्गात याच नावाने हाक मारावी आणि माझा उल्लेख 'तो' असा करावा, ही विनंती. परीक्षेच्या कागदांवर जुनं नाव राहील, त्याचा वर्गात उल्लेख होऊ नये. पालकांशी बोलण्याची वेळ आली तर आधी मला विचारावं."

शेवटचं वाक्य बरेच जण विसरतात. शिक्षकाचा हेतू चांगला असतो, आणि पालकसभेत तोच माणूस आनंदाने "तुमचा मुलगा फार हुशार" म्हणून जातो.

काना_मात्रा

मराठीत बोलणाऱ्यांना एक जास्तीची अडचण आहे. इंग्रजीत 'मी'ला लिंग नाही. आपल्याकडे "मी आलो" म्हटलं की सगळं सांगून झालं. कॉलेजात 'आलो' आणि घरच्या फोनवर 'आले' अशी दोन्हीकडची कसरत दिवसभर चालते, आणि रूममेट शेजारी बसलेला असताना घरचा फोन आला की दोन्ही एकदमच. सुदैवाने मराठीतच निसटायच्या वाटा भरपूर आहेत. त्या पाठ केल्या तर अर्ध्या तासाचा फोन लिंगाचा उल्लेख न होता निभावतो.

भविष्यकाळ सुरक्षित: येईन, करेन, सांगेन. 'णार' सुरक्षित: मी येणार आहे, जाणार नाही. वर्तमानकाळाचा नकार सुरक्षित: मी जात नाही. 'मला'ने सुरू होणारं सगळं सुरक्षित: मला भूक लागली, मला जायचंय, मला जमलं नाही. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, म्हणून तोही सुरक्षित: मी पुस्तक वाचलं, मी अर्ज भरला.

सापळे तीन. एक, साधा वर्तमानकाळ आणि चालू काळ: करतो/करते, करतोय/करतेय. दोन, अकर्मक भूतकाळ: गेलो/गेले, बसलो/बसले, आणि 'होतो/होते'. तीन, सकर्मक वाटणारी पण कर्त्याप्रमाणे चालणारी क्रियापदं, ती ऐन वेळी दगा देतात: जेवलो, विसरलो, शिकलो, बोललो, भेटलो, प्यालो.

यांना पर्याय तोंडात बसवून घ्या. "जेवलीस का?" ला "हो, झालं जेवण". "काय करतेयस?" ला "अभ्यास चाललाय". "पोचलीस?" ला "हो, अर्धा तास झाला पोचून". "विसरलीस ना?" ला "लक्षातच राहिलं नाही". "कधी उठतेस?" ला "सहाला जाग येते". "कुठे होतीस?" ला "लायब्ररीत काम होतं". हे सहा प्रश्न घरच्या रोजच्या फोनमध्ये येतातच. उत्तरं एकदा मोठ्याने म्हणून बघा, अडखळल्यासारखी अजिबात वाटत नाहीत.

मित्रांसाठी: 'तुम्ही' म्हटलं की क्रियापदातलं लिंग जातं (आलात, करता), पण समवयस्कांत 'तुम्ही' परकं वाटतं. नाव घेऊन भविष्यकाळ वापरला तरी चालतं. 'तो', 'ती' दोन्ही नको असलेले काही जण स्वतःसाठी 'ते' निवडतात. ऐकणाऱ्याला आधी ते आदरार्थी वाटतं, हे धरून चालावं.

आणि सर्वांत शेवटी सुटतं ते 'अगं'. क्रियापद बोलेपर्यंत विचार करायला क्षणभर मिळतो. 'अगं' विचाराच्या आधी तोंडातून जातं. तोंड वळवायचा उपाय एकच आहे. तो माणूस समोर नसताना त्याच्याबद्दल दोघांत पाच वाक्यं बरोबर रूपात बोलायची, रोज. सगळा सराव त्याच्यासमोर केला तर प्रत्येक चूक त्याच्या अंगावर पडते. चुकलंच तर "गेली... गेला" एवढंच, आणि वाक्य पुढे न्यायचं. पाच मिनिटं माफी मागत बसलं की समजूत त्यालाच काढावी लागते.

सागवान

'अगं'ला +१. पाठ करायच्या उत्तरांची यादी फोनमध्ये उतरवून घेतली.

कुलूपकिल्ली

हजेरीपट यांनी कागदांतून होणारी गळती सांगितली. घरी न सांगितलेल्यांची बातमी त्याहून जास्त वेळा फोनमधून फुटते. घर सोडण्याच्या आधीच्या आठवड्यात हे तपासा.

फोटोंचा ढगातला (क्लाउडवरचा) साठा कुटुंबाच्या खात्याला जोडलेला आहे का? असेल तर आरशासमोर काढलेला पहिला फोटो घरच्या टीव्हीवर झळकू शकतो. खरेदीचं खातं सामायिक आहे का? बाइंडर मागवला की "तुमच्यासाठी सुचवलेलं" यादी सगळ्यांना दिसते, आणि ऑर्डरचा संदेश खात्यावरच्या नंबरला जातो. लोकेशन कोणाशी शेअर होतंय? बँकेचे संदेश कोणाच्या मोबाइलवर जातात? आरोग्य विमा कुटुंबाचा असेल तर दाव्याचा तपशील विमाधारकाकडे, म्हणजे बहुधा पालकांकडे जातो. म्हणून पहिली भेट घेण्यापूर्वी विमा कंपनीला पत्रव्यवहाराचा पत्ता वेगळा ठेवता येतो का ते विचारा, आणि येत नसेल तर ती भेट विम्यातून घेऊ नका.

समाजमाध्यमांवर जुन्या खात्याचं नाव बदलू नका, नवं खातं वेगळ्या ईमेलवर आणि वेगळ्या नंबरवर उघडा. नंबर तोच ठेवला तर "तुमच्या ओळखीचे असू शकतात" मध्ये चुलतभावंडांना तुम्ही दिसता. मित्रांना टॅग करू नका हे एकदा सांगून भागत नाही, दर सहलीच्या आधी सांगावं लागतं.

निळासावळा

रूममेटला कधी सांगावं? पहिल्याच दिवशी, की आधी माणूस ओळखून? दोन्ही सल्ले वाचले आहेत.

तरुवर

माझं मत: सामान आणण्याच्या आधी, फोनवर किंवा मेसेजमधून. एकदा खोलीत राहायला लागलं की नकार आल्यावर बाहेर पडणं अवघड. मेसेजमध्ये समोरच्याला विचार करायला वेळ मिळतो, आणि पहिला चेहरा बघावा लागत नाही.

कुलूपकिल्ली

@तरुवर, असहमत. मेसेज म्हणजे लेखी पुरावा. अनोळखी माणूस त्याचा स्क्रीनशॉट कोणाला पाठवेल हे माहीत नसताना लिहून द्यायचं? आधी वॉर्डनना किंवा निवासाच्या कार्यालयाला सांगून ठेवा, खोली बदलण्याची सोय काय आहे ते विचारून घ्या, मग पहिल्या आठवड्यात तोंडी बोला.

तरुवर

घरी सगळं ठाऊक असेल तर मेसेजचा धोका कमी, ठाऊक नसेल तर तुमचं बरोबर. हा फरक मी लिहायला हवा होता. वॉर्डनशी आधी बोलण्याचा मुद्दा दोन्ही बाबतीत पटला, फक्त त्यांना "हे घरी माहीत नाही" असं स्पष्ट शब्दांत सांगावं. गृहीत धरू नये.

बोलताना तीन गोष्टी पुरतात: नाव आणि 'तो', खोलीत कपडे बदलण्याची पद्धत (कोण कधी पाठ फिरवणार, कधी दारावर टकटक करणार), आणि घरचे भेटायला आले तर कोणतं नाव चालेल. शरीराबद्दलच्या प्रश्नांना उत्तर देणं उघडपणे राहण्यात मोडत नाही. "ते वैयक्तिक आहे" हे पूर्ण वाक्य आहे.

घरचे येणार असतील तर खोलीतून हलवायच्या गोष्टी आदल्या रात्री: दारावरची पाटी, गळ्यातलं ओळखपत्र, दोरीवरचा बाइंडर, पॅकर (पँटमध्ये पुढे उभार दिसावा म्हणून ठेवतात ते साधन), औषधं, वहीवरचं नाव. आणि शेजारच्या दोन खोल्यांना सूचना. घात बहुतेक वेळा रूममेटकडून होत नाही, व्हरांड्यातून नव्या नावाने हाक मारणाऱ्याकडून होतो.

नाडी

टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाबद्दल (हार्मोनबद्दल) थोडं, कारण घर सुटल्यावर हा प्रश्न लगेच येतो. डब्ल्यूपाथ या ट्रान्सजेंडर आरोग्यावर काम करणाऱ्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांची आठवी आवृत्ती २०२२ची. डॉक्टरांकडे जाताना ती माहीत असलेला डॉक्टर शोधा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गवारीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू आहे, जन्मतः नोंदलेलं लिंग आणि स्वतःची ओळख न जुळणं हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला आहे. कॉलेजच्या दवाखान्यात कोणी "आधी आजार बरा करा" म्हणालं तर हे शांतपणे सांगता येतं.

सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन-हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती ते), रक्तातल्या चरबीचं प्रमाण आणि गरज असल्यास गर्भधारणेची तपासणी होते. पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात. टेस्टोस्टेरॉनने तांबड्या पेशी वाढतात आणि रक्त दाट होतं, म्हणून हिमॅटोक्रिटवर लक्ष. अहवालाच्या छापील चौकटीत कधी स्त्रियांच्या, कधी पुरुषांच्या मर्यादा लावलेल्या असतात, त्यावरून उगाच घाबरायला होतं किंवा उगाच निर्धास्त राहिलं जातं. कोणत्या मर्यादेशी ताडायचं ते डॉक्टरांना विचारा.

मित्राच्या बाटलीतून घेऊ नका. डोस वाढवल्याने बदल लवकर होत नाहीत. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात बदलतो, आणि रक्त मात्र दाट होत राहतं.

बदलांचा क्रम साधारण असा: तेलकट त्वचा आणि मुरुमं पहिल्या सहा महिन्यांत, पाळी थांबणंही बहुधा त्याच काळात, आवाज उतरणं सुरू होऊन वर्ष-दोन वर्षांत स्थिरावणं. दाढी सहा महिन्यांनंतर दिसू लागते आणि पूर्ण भरायला चार-पाच वर्षं लागू शकतात. आवाज आणि दाढी औषध थांबवूनही परत जात नाहीत. दिवाळीच्या किंवा उन्हाळी सुट्टीत घरी जायचं असेल आणि घरी माहीत नसेल तर हे आधी मोजा. "सुट्टीपुरतं बंद करेन" याने आवाज परत चढत नाही, पाळी मात्र परत सुरू होऊ शकते.

हे गर्भनिरोधक नाही. पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो, आणि टेस्टोस्टेरॉन गर्भाला अपायकारक आहे. याची गरज असणाऱ्यांनी वेगळं साधन वापरावं.

जेल वापरत असाल तर लावल्यावर हात साबणाने धुवा, जेल पूर्ण वाळू द्या, त्या जागेवर कपडा असू द्या. रूममेटच्या कातडीला लागलं तर त्याच्या अंगात जातं. इंजेक्शनची बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीत औषधाचे खडे धरतात. धरले तर बाटली हातात धरून कोमट करा आणि हलवा, विरघळतात. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका, जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका. डॉक्टरांची चिठ्ठी त्याच डब्याजवळ ठेवा. हॉस्टेलच्या झडतीत सुया सापडल्या तर पहिला संशय दुसराच येतो.

षड्ज

आवाजावर एक भर. टेस्टोस्टेरॉन घेत नसलेल्यांना सराव करता येतो, पण बहुतेक जण चुकीचा करतात: हनुवटी छातीला लावून आवाज खाली दाबतात. त्याने पट्टी फारशी उतरत नाही, घसा मात्र बसतो. ऐकणाऱ्याला फरक जाणवतो तो घुमाऱ्याचा. ओठ मिटून गुणगुणा, छातीवर तळहात ठेवा, आणि कंप जास्तीत जास्त तळहाताला लागेल अशी जागा शोधा. पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉ दोन सेंटिमीटर बुडवून, बुडबुडे काढत तोच सूर धरा. याने स्वरतंतूंवर ताण येत नाही. रोज पाच ते दहा मिनिटं, बाइंडर काढून. बाइंडरमध्ये श्वास अपुरा पडतो आणि वाक्याच्या शेवटी आवाज वर निसटतो. घोगरेपणा दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

टेस्टोस्टेरॉन सुरू केलेल्यांनी आवाज फुटण्याच्या काळात ओरडणं आणि उंच पट्टीत गाणं टाळा. पट्टी बदलत असते, त्यामुळे जुन्या सवयीने गेलं की ताण येतो.

निळासावळा

सगळ्यांचे आभार. एक राहिलं. मुलांच्या स्वच्छतागृहात पाळीच्या दिवसांत काय करायचं? तिथे कचऱ्याचा डबाच नसतो.

पाणकळा

पॅडचं वेष्टन खोलीतच काढा. शांत स्वच्छतागृहात तो चर्रर्र आवाज सगळ्यांना ओळखू येतो. पॅड स्वच्छ रुमालात गुंडाळून खिशात ठेवा. वापरलेल्यासाठी झिपची अपारदर्शक पिशवी, तिच्यात टिश्यूचे दोन कागद, आणि बाहेरच्या मोठ्या कचरापेटीत टाका. कमोडमध्ये टाकू नका, तुंबलं की चौकशी होते.

पाळीचा कप (मेन्स्ट्रुअल कप) जमत असेल तर तो सर्वांत सोयीचा, बारा तासांपर्यंत राहतो, म्हणजे सकाळी आणि रात्री न्हाणीघरातच काम भागतं. मध्येच रिकामा करावा लागला तर दाराआड नळ असेलच असं नाही, म्हणून पाण्याची छोटी बाटली आत न्या. पाळीच्या चड्ड्या कमी स्रावाच्या दिवशी एकट्या पुरतात. जास्त असेल त्या दिवशी कपाबरोबर घाला. बॉक्सरच्या आकारातल्याही मिळतात, दोरीवर वाळत घातल्या तरी कोणी दोनदा बघत नाही.

सागवान

उभ्याने लघवीसाठीच्या साधनाबद्दल कोणी सांगावं, नवीन मुलं विचारतात.

पाणकळा

सिलिकोनचं घ्या. पहिले आठ-दहा दिवस फक्त शॉवरखाली सराव, कपडे न घालता. मग शॉवरखालीच पँट घालून. गळती मागच्या कडेकडून होते. ती कड अंगाला घट्ट टेकलेली नसते, किंवा मूत्राशय तुडुंब भरलेलं असताना धार इतकी जोरात येते की नळीतून तेवढं पाणी निघत नाही आणि वाटी भरून वाहते. म्हणून फार वेळ तुंबवून ठेवू नका, धार थांबवत-थांबवत सोडा. झाल्यावर साधन पुढे ओढत काढा म्हणजे शेवटचा थेंबही पुसला जातो. दिवसातून एकदा साबणाने धुवा, पूर्ण वाळल्याशिवाय डबीत बंद करू नका. सराव होईपर्यंत दाराआडच जा. पुष्कळ पुरुष तिथेच जातात, कोणी मोजत नाही.